माठावरची टिचकी

बाजारात माठ घेताना आई त्यावर टिचकी मारून बघते. खणखणीत आवाज आला तर माठ घरी येतो, बद्द आला तर तिथेच राहतो. माठ न फोडताच त्याची परीक्षा होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतीव भाग तपासताना आम्हीही रोज हेच करतो. फरक एवढाच, की आमच्याकडे टिचक्या अनेक आहेत आणि कोणती कधी वापरायची हे ठरवावे लागते.

हे आम्ही एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत पंपाच्या बिडाच्या भागांची एक खेप आमच्याकडे तपासायला आली. भाग स्वच्छ करून आम्ही त्यांवर लाल रंगद्रव लावला, १० मिनिटे थांबलो, रंग पुसून पांढरी पूड फवारली. चीर असती तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटला असता. एकही रेघ दिसली नाही. आम्ही खुशाल 'पास'चा शिक्का मारला. गिऱ्हाइकाकडे मशीनवर वरचा थर कापला गेला, तेव्हा आतून पोकळ्या निघाल्या. खेप परत आली आणि आमच्या माना खाली गेल्या. दोष रंगाचा नव्हता. तो पृष्ठभागावर उघडणारी चीरच दाखवतो. आतले त्याला कसे दिसणार?

तेव्हापासून आम्ही आधी विचारतो : धातू कोणता? दोष कोणता असू शकेल? तो वर असेल की आत? लोखंड-पोलादातली वरची किंवा पृष्ठभागालगतची चीर चुंबकीय कणांनी सापडते. ॲल्युमिनियमवर तो उपाय चालत नाही. आतल्या पोकळीसाठी क्ष-किरणांचा फोटो चांगला, पण त्या वेळी माणसांना दूर ठेवावे लागते. शिवाय किरणांच्या वाटेत आडवी पडलेली बारीक चीर त्यात निसटू शकते. ती अल्ट्रासोनिक लहरींच्या प्रतिध्वनीवरून कळते, सोनोग्राफीसारखीच. पोलादात या लहरी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतात, म्हणून प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून दोषाची खोली काढता येते. बिडात मात्र ग्रॅफाइटमुळे त्या विखुरतात, तिथे जपून वाचावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, चालू पंपाजवळ कुणीतरी माणूस उभा असतो. म्हणून आमच्या अहवालात आता 'दोष नाही' असे वाक्य नसते. आम्ही पद्धतीचे नाव लिहून पुढे लिहितो, 'या पद्धतीने दोष आढळला नाही.' न दिसणे आणि नसणे यांतला फरक आम्ही त्या परत आलेल्या खेपेकडून शिकलो.