बिनपगारी घाम

माणसाने चाळिशीनंतर एखादे खूळ लावून घ्यावे, असे माझे जुने मत आहे. फक्त ते शेजाऱ्यांना समजेल असे असावे. कुणी गुलाबाची कलमे करतो, कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी पेटीवर भूप बसवीत आळीचा अंत पाहतो. या माणसांकडे समाज कौतुकाने बघतो. माझ्या वाट्याला जे खूळ आले त्याचे मात्र नावच भंडाऱ्याच्या बाजारात खपण्याजोगे नाही. ‘ट्रायथलॉन’ म्हटले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, “म्हणजे शेअरबाजाराचे काही आहे का?” छे! शेअरबाजाराचे नाही. आधी पोहायचे, मग ओल्या अंगाने सायकलीवर बसायचे आणि शेवटी सायकल टाकून पळत सुटायचे. हे सारे एकामागून एक, घड्याळ चालू ठेवून. मधला कपडे-बूट चढवण्याचा वेळसुद्धा हिशेबात धरतात. ही अट ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मग संपलंच! लग्नाला निघताना सुद्धा तुम्हाला मोजे सापडत नाहीत.”

हे खूळ जगात वाढले तेही एका वादातून. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७४ साली अशी एक लहानशी शर्यत झाली होती. पण तिला अचाट रूप आले ते हवाई बेटांवर. जॉन कॉलिन्स नावाचा एक आरमारी अधिकारी आणि त्याची मित्रमंडळी वाद घालीत होती, की खरा दमदार कोण : पळणारा, पोहणारा की सायकलवाला? आपल्याकडे असे वाद पानठेल्यावर होतात आणि पान रंगले की मिटतात. कॉलिन्सने तो मिटू दिला नाही. तिथे होणाऱ्या तीन निरनिराळ्या शर्यती त्याने एका दिवसात गुंफल्या : सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधराजण निघाले, बाराजण पोहोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर. त्याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकात हा खेळ आला तो बऱ्याच आटोपशीर अंतरांचा. मी ज्याच्या नादी लागलो तो प्रकार हवाईच्या बरोबर निम्मा : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून त्याला नावही तेच. २०१९ पासून ही शर्यत गोव्यात होऊ लागली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

आता भंडाऱ्याच्या माणसाने पोहायचे कुठे? वैनगंगा तर दारातच आहे. पण नागपूरच्या नाग नदीचे मैले पाणी कन्हानवाटे तिच्यात उतरते, आणि गोसीखुर्दचे धरण झाल्यापासून फुगवट्याने पात्रही संथ झाले आहे. तिला नमस्कार करावा आणि पुढे जावे. सुदैवाने हा तलावांचा जिल्हा. जुन्या काळी मालगुजारांच्या राज्यात बांधले गेलेले हे तलाव. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ ठरले. लोकांनी त्यातली दोन आद्याक्षरे उचलून त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले. मामाच्या घरी भाच्याने डुंबायचे नाही तर कुणी?

परंतु तलावात पोहणे म्हणजे तरणतलावात पोहणे नव्हे. तरणतलावात तळाला काळी रेघ असते, ती धरून आंधळासुद्धा सरळ जाईल. इथे डोके पाण्यात घातले की सारे हिरवट तपकिरी. मध्येच शेवाळ पोटाला चाटून जाते आणि काळजाचा ठोका चुकतो. पहिल्या पावसाळ्यात मी पन्नास हात गेलो की घाबरून मान वर काढीत असे. एक म्हातारा ढीवर आपल्या डोंग्यातून जाळे ओढीत हा तमाशा रोज पाहत होता. आठवडाभर त्याने काही म्हटले नाही. मग एक दिवस डोंगा जवळ आणून म्हणाला, “गुरुजी, पाण्याले मारू नोका. थे मरत नाई, तुमी थकता.”

पोहण्यावरची तीन इंग्रजी पुस्तके मी त्यापूर्वी वाचली होती. त्यांच्या सगळ्या आकृत्या या एका वाक्यात बसत होत्या. हात आपटायचा नाही, सरकवायचा. पाय झोडायचे नाहीत. श्वास घाईने ओढण्याआधी पाण्यातच पुरता सोडायचा, म्हणजे छाती आपण होऊन भरते. त्यानंतर सारा पावसाळा तो म्हातारा माझ्या बाजूने डोंगा चालवीत असे. त्याचे मी पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. मासळीच्या भावात मात्र एक रुपया सोडला नाही. तो स्वतः मौजेखातर कधीच पाण्यात उतरत नाही. जाळे कुठे अडकले की उतरतो, पौषातल्या पहाटेसुद्धा, आणि वर येऊन कुडकुडत विडी पेटवतो.

सायकलीचे सांगण्यासारखे फारसे नाही. साकोलीच्या दिशेने महामार्ग धरावा आणि परत यावे, की ऐंशीच्या घरात किलोमीटर होतात. रस्ता सपाट, मालमोटारी अवाढव्य. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारी सायकलशर्यत एकट्याने पुरी केली, तेव्हापासून विदर्भात महागड्या सायकली घेणाऱ्यांना घरी निदान एक उत्तर देता येते. सायकलीवरून उतरून लगेच पळण्याचाही सराव करावा लागतो. जाणकार त्याला ‘ब्रिक’, म्हणजे वीट म्हणतात; का म्हणतात ते पहिल्या शंभर पावलांत आपल्याच मांड्या सांगतात.

खरी गोष्ट आहे ती धावण्याची. आमच्याकडे मे महिन्यात ऊन पंचेचाळिसाच्या घरात जाते, त्यामुळे धावायचे तर पहाटे साडेचारला. पहिल्या दिवशी खातरोडवर मी निघालो तेव्हा वाटले, एवढ्या अंधारात आपण एकटेच वेडे असू. पाहतो तो रस्ता गजबजलेला! जथेच्या जथे पळत होते. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, काही अनवाणी. केस बारीक कापलेले, बोलणे नाही. ही पोलीसभरतीची आणि सैन्यभरतीची मुले, खेड्यांतून येऊन खोल्या करून राहिलेली. मुलीही त्यांत पुष्कळ. एका खोलीत चौघे, एक सिलिंडर, सकाळी मोड आलेले चणे. त्यांतला लाखांदूरकडचा एक मुलगा माझ्या बाजूने पळू लागला. दोनचार दिवसांनी त्याने विचारले, “काहून धावता जी सर? तुमाले तं नोकरी हाय.”

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हते. मी प्रकृती, रक्तदाब वगैरे काही सांगितले. त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही.

गंमत अशी की त्याच्याही परीक्षेत तीनच प्रकार. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मिळून पन्नास गुण. १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत काढले की त्यांतले वीस पुरे. पुढे सेकंद वाढतील तसे गुण घसरत जातात. त्याच्या पाच मिनिटांत बापाची दीड एकर धानाची शेती आणि बहिणीचे लग्न कोंबलेले असते. आमच्या मंडळींत कुणीकुणी हौसेने म्हणतात, की रस्त्यावर सारे धावणारे सारखेच. मला ते पटत नाही. त्याचा घाम आणि माझा घाम एकाच खारटपणाचा असेल. पण तो पगारासाठी गाळलेला आणि माझा बिनपगारी. ज्याला पोटाची चिंता नाही त्यालाच विनाकारण दमण्याची चैन परवडते. ती चैन मी सोडणार नाही. सबंध आठवड्यात माझ्याकडून कुणालाही काही नको असते असे तेवढेच तास आहेत. निबंधाच्या वह्या नाहीत, बैठका नाहीत, कुणाचा फायदा नाही. त्या मुलाला हे सांगायचे माझ्या जिभेवर आले होते. पण पहाटे पावणेपाचला, अनवाणी पळणाऱ्यांच्या घोळक्यात, ते कसे सांगणार?

२०२३ च्या ऑक्टोबरात मी गोव्याला गेलो. मिरामारचा समुद्र पाहून तलावातल्या बेडकाचे काय होत असेल ते कळले. मामाकडे लाटा नव्हत्या. पहिल्या लाटेने नाकातोंडात पाणी भरले आणि हात आपोआप झोडपू लागले. मग डोंग्यातले ते वाक्य आठवले आणि हात सरकू लागले. खारे पाणी माणसाला जरा वर उचलून धरते, हा एक नफा. सायकलीच्या वाटेवर चढ आले, ते साकोलीच्या रस्त्याला माहीत नव्हते. धावताना पंधराव्या किलोमीटरनंतर मी धावत होतो असे म्हणणे हे सौजन्य होईल. साडेआठ तासांची मुदत असते. मी सात तास बावन्न मिनिटांत पोहोचलो. माझ्याआधी शेकडो लोक आले होते. तरीही माझ्या गळ्यात पदक घालण्यात आले, हातात केळे देण्यात आले आणि एका अनोळखी बाईने टाळ्या वाजवल्या.

त्या मुलाची मैदानी चाचणी २०२४ च्या जूनमध्ये झाली. १६०० मीटर त्याने बरे काढले, गोळा कमी गेला. यादी लागली, त्यात त्याचे नाव नव्हते. त्याला पदकही नाही, केळेही नाही. तो दुसऱ्या दिवशी खोलीचे भाडे चुकते करून रोवणीला गावी गेला. मला वाटले, आता परत येत नाही.

दिवाळीनंतर आला. वयाची अट अजून दोन भरत्या शिल्लक ठेवते, असा त्याचा हिशेब. गोळाफेकीसाठी मी आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांशी त्याची गाठ घालून दिली. ते त्याला आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. उरलेल्या तीन दिवशी मैदानावर मी घड्याळ धरून उभा असतो, कारण स्वतःचे सेकंद धावताना नीट मोजता येत नाहीत. त्या दिवशी माझे धावणे बुडते. सौभाग्यवतींनी हे हेरले आणि विचारले, “मग यंदा गोवा?” मी म्हटले, बघू, पोहणे तर चालूच आहे.

परवा त्याचे पाच मिनिटे अठरा सेकंद झाले. तो कमरेवर हात ठेवून वाकला होता, बोलता येत नव्हते. मी घड्याळ त्याच्यापुढे धरले. त्याने पाहिले, थुंकला आणि म्हणाला, “आठ सेकंद रायले जी.”

मग पुन्हा सुरुवातीच्या रेषेकडे चालू लागला.