खुद्रीचा पत्ता

दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव आहे टॉर खुद्री. ‘टॉर’ जाऊ दे, ‘खुद्री’ मात्र आपल्याकडचं आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा एक लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरत होता. काम आकडेवारी गोळा करायचं, पण गडी पक्षी, मासे, पिकं असं दिसेल ते टिपत गेला. पुढे लंडनला परत गेल्यावर त्याने इथल्या माशांवर निबंध लिहिला आणि चाळीसवर जातींचं वर्णन केलं. नवीन जातींना नावं देताना त्याने बऱ्याच ठिकाणी सरळ स्थानिक नावच उचललं. म्हणून आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ शिंगाळ्याला ‘सींघाला’ म्हणतो, बोगटाला ‘बोगट’ आणि मल्याला ‘मुल्या’. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला एक मासा आहे, त्याचं नाव ‘नुक्ता’. ही नावं साइक्सला कुणी सांगितली असतील? घाटावर जाळं सुकवत बसलेल्या एखाद्या भोयानेच. त्याचं नाव मात्र निबंधात नाही.

नवीन जात जाहीर करताना ती कुठे सापडली हेही लिहावं लागतं. सोप्या भाषेत, माशाचा कायमचा पत्ता. खुद्रीचा पत्ता आहे पुण्याजवळची मुळा-मुठा.

माझं ऑफिस खराडीत आहे. सातव्या मजल्यावरच्या पँट्रीच्या खिडकीतून हा पत्ता रोज दिसतो. हिवाळ्यात त्यावर जलपर्णीची हिरवीगार सतरंजी असते. नवीन जॉइन झालेला कुणीतरी हमखास विचारतो, “ते गोल्फ कोर्स आहे का?” पावसाळ्याच्या तोंडाला पाणी दिसतं, तेव्हा त्यावर फेस असतो. वास सातव्या मजल्यापर्यंत येत नाही, काचा बंद असतात.

बाबा दौंड तालुक्यातले, भीमेकाठच्या गावचे. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे उजनीत जाऊन साचतं, म्हणजे पुण्यात फ्लश केलेलं सगळं बाबांच्या गावावरून जातं. त्यांना माशांची नावं विचारली की ते आधी वाम सांगतात, मग मरळ, मग शिंगाळा. शिंगाळ्याच्या काट्याने हात कसा सुजतो ते सांगतात. मग थांबतात आणि म्हणतात, “आता सगळी चिलापी.” हे ‘आता सगळी चिलापी’ मी भिगवणच्या खानावळीतही ऐकलंय आणि मांजरीच्या पुलाखाली जाळं टाकणाऱ्या एका काकांकडूनही.

चिलापीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तिचं यश समजून घेण्यासारखं आहे. मूळची आफ्रिकेतली ही मासळी, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तिला वाहतं पाणी लागत नाही, साचलेलं चालतं. आफ्रिकन मांगूर तर पाण्यातला ऑक्सिजन संपला तर वर येऊन हवेतला घेतो. महसीरचं गणित उलटं आहे. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-खड्यांच्या तळावर अंडी घालतो. त्या खड्यांमधून स्वच्छ, खळाळतं, ऑक्सिजन असलेलं पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. गाळ बसला की गुदमरतात. वाळू उपसली की घर गेलं. वर धरण बांधलं की रस्ता बंद. मुठेवर खडकवासला एकोणिसाव्या शतकापासून आहे, वर पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळेवर मुळशी. धरणाखाली उरतं ते शहरातून आलेलं पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे मासे नांदायचे तर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा. मैलापाण्यातले जिवाणू तो माशांच्या आधी खाऊन टाकतात. म्हणजे मुळा-मुठेत मासे ‘कमी झाले’ असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. नदीने एका प्रकारच्या जगण्याची अट बदलली आणि नव्या अटीत बसणारे राहिले.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण आमच्या ऑफिसातला एक ई-मेल. सीएसआरचं बजेट होतं आणि मार्च जवळ आला होता. नदीत मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम ठरत होता. महसीरची बोटुकली आणायची, टी-शर्ट छापायचे, ड्रोनने शूट करायचं. मी वीकेंडला नदीवाल्या ग्रुपबरोबर फिरतो हे टीमला माहीत होतं, त्यामुळे ‘इम्पॅक्ट’ मोजायचा डॅशबोर्ड माझ्याकडे आला. किती बोटुकली सोडली, किती कर्मचारी आले, किती तास दिले. सगळे आकडे फक्त वर जाणारे.

मी मांजरीच्या काकांना विचारलं. ते बोयाला दोरी बांधत होते, मान वर न करता म्हणाले, “बोटुकली सोडणार? आधी पाणी सोडा म्हणावं.”

काकांचं म्हणणं पुण्यापुरतं झालं. कावेरीची गोष्ट वाचल्यावर कळलं की प्रश्न नुसता पाण्याचाही नाही.

लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरची हॅचरी सुरू केली. आपल्या खुद्रीचीच. जंगली मासा, त्याची कृत्रिम पैदास करणं तेव्हा सोपं नव्हतं. मादीच्या पोटावरून हळुवार हात फिरवून अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी उबवायची. हे काम त्या लोकांनी वर्षानुवर्षं चिकाटीने केलं, आणि त्याबद्दल मला खरंच आदर आहे. महसीर संपत चाललाय हे ज्या काळात फारसं कुणाच्या गावी नव्हतं, त्या काळात हे चालू होतं. तिथली बोटुकली देशभर गेली. कर्नाटकात कावेरीतही गेली.

पण कावेरीत स्वतःचा महसीर होता. पाठीवर कुबड, नारिंगी पर, अवाढव्य. १९४६ मध्ये काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने गळाला लावलेला मासा १२० पौंडांचा होता, म्हणजे ५४ किलो. साधारण माझ्या बहिणीइतका. जगभरातले गळवाले या माशासाठी कावेरीवर यायचे, मासा पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. गालिबोरेच्या कँपवर या सगळ्याच्या नोंदी ठेवल्या जायच्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, तर दिसलं असं : पकडलेल्या महसीरांची एकूण संख्या वाढत होती, पण माशांचा आकार कमी होत होता. आणि कुबडा जवळजवळ दिसेनासा झाला होता. वाढलेले होते ते बाहेरून आणलेले निळ्या परांचे. आपले खुद्री.

हा परिच्छेद मी दोनदा वाचला. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. ‘एकूण युजर्स’ वाढतात, सगळे खूश असतात, आणि ज्यांच्यासाठी ॲप बनवलं ते कधीच सोडून गेलेले असतात. फक्त इथे परत येणारे युजर नव्हते. कुबड्याला तोवर पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. तो टॉर रेमादेवी आहे हे २०१८ मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. धरणं, वाळू, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच. पण महसीर वाचवायचा म्हणून सोडलेला महसीरच दुसऱ्या महसीरच्या मुळावर आला, हे पचायला जड आहे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडला, एवढंच.

मी ते सगळं एका पानावर लिहून टीमला पाठवलं आणि डॅशबोर्ड करणार नाही म्हणून कळवलं. उत्तर आलं, “मग तू काय सुचवतोस?” रास्त प्रश्न होता.

राजस्थानातल्या अलवरमधली अरवरी नदी मला त्या वेळी हाताशी होती. १९८० च्या दशकात तिचं पात्र बहुतेक वर्ष कोरडं असायचं. तरुण भारत संघ आणि राजेंद्रसिंह यांच्याबरोबर गावकऱ्यांनी नदीला हात लावला नाही, ते डोंगरउतारावर गेले. जोहड बांधले : मातीचे अर्धगोल बांध, पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवणारे. एक नाही, शेकडो. विहिरींना पाणी चढलं, आणि नव्वदीच्या मध्यावर नदी बारमाही वाहायला लागली. पाणी टिकलं तसे मासे वाढले. ते फोटोसाठी कुणी सोडले नव्हते.

गोष्ट इथे संपवली तर ती छान प्रेरणादायी होते, पण माझ्या मते खरी गोष्ट यापुढची आहे. नदीत मासे दिसल्यावर १९९६ मध्ये सरकारने मासेमारीचा ठेका एका ठेकेदाराला दिला. इतकी वर्षं कोरड्या पात्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. गावकरी अडून बसले आणि ठेका रद्द झाला. पण आज ठेका गेला, उद्या कुणी ऊस लावून नदी पिऊन टाकेल, त्याचं काय? म्हणून २६ जानेवारी १९९९ ला सत्तर गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली. पाणी फार पिणारी पिकं, चराई, झाडतोड, मासे यांचे नियम ते लोक एकत्र बसून ठरवायला लागले. कायद्याच्या दृष्टीने या संसदेला काही किंमत नाही. तरी तिथे वादाला तोंड फुटलं ते माशांवरून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नदी परत आली की पहिला प्रश्न येतो : ही कुणाची?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे : देवाची. वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेत महसीर आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला आहेत, तिथे वरदायिनीचा धाक आहे. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही. तिळसेला मी पायरीवर उभं राहून कुरमुरे टाकले तेव्हा हातभर लांबीचे काळसर मासे एकमेकांवर चढत आले. देव मानत नसलो तरी मी चप्पल काढली होती. पण देवाचा धाक डोहापुरता असतो. वरच्या डोंगरावरची झाडं तोडणाऱ्याला आणि खालची वाळू उपसणाऱ्याला तो लागू होत नाही.

आणि ‘पाणी अडवा’ म्हटलं की आपल्याकडे जेसीबी येतो, हेही सांगायला हवं. ओढा खोल आणि सरळ केला की पाणी साठलेलं दिसतं, फोटो बरा येतो. पण डोह गेला, खडक गेले, काठची करंज-उंबरं गेली, उथळ खळाळ गेला. ओढ्याचा कॅनॉल होतो. अरवरीला काम उतारावर झालं होतं, पात्रात पोकलेन घालून नाही. हा फरक मी मीटिंगमध्ये समजावत होतो तेव्हा सीएसआरच्या मॅडमनी अगदी मनापासून विचारलं, “पण मग लोकांना दाखवायला काय राहील?” खरंच, फारसं काही राहत नाही.

बोटुकलीचा कार्यक्रम त्या वर्षी झाला नाही. माझ्या पानामुळे की हॅचरीकडे तारखा नव्हत्या म्हणून, ठाऊक नाही. त्यातले थोडे पैसे मुळशीकडच्या एका ओढ्याच्या कामाला मिळाले. आमचा नदीवाला ग्रुप तिथे गावातल्या लोकांबरोबर काम करतो. उतारावर चर खणणं, काठाला वाळा आणि करंज लावणं, बांधकामाचा राडारोडा पात्रात टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांशी गोड बोलणं. शेवटचं सगळ्यात अवघड. गावातल्या एक मावशी आमच्यापेक्षा ते फार चांगलं करतात. त्यांना ट्रॅक्टरवाल्याची आजी माहीत असते.

ओढ्यावर आम्ही नोंदी ठेवतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या पाच जागी, पाणी किती, गढूळ किती, मासे कुठले. शीट मी बनवलंय. त्यात ‘एकूण मासे’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, प्रत्येक जातीचा वेगळा आहे. चिलापीचाही.

गेल्या वर्षी तिथे पाणी जानेवारीत आटलं. यंदा मार्चच्या पहिल्या रविवारी गेलो तर तिसऱ्या जागेवर घोट्याएवढं वाहत होतं. मावशींचा नातू दगडावर पालथा पडून पाण्यात बघत होता. म्हणाला, “दादा, मल्या.” बोटाएवढे, मातकट, दगडाला तोंड चिकटवून शेवाळ खरवडत बसलेले मासे होते. मल्याला बाजारात भाव नाही, त्याची हॅचरी नाही, त्याच्याबरोबर कुणी फोटो काढत नाही. पण वाहतं पाणी आणि स्वच्छ दगड असल्याशिवाय तो राहत नाही. वर कुठल्या तरी खड्ड्यात उन्हाळा काढून तो खाली आला असणार.

“किती आहेत रे?” मी विचारलं.

“हलू नका ना दादा, पळतात,” तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.