मिठांतील परमाणु

आमच्या पालघरच्या घरीं ‘परमाणु’ शब्द निघाला कीं वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें बोईसरपलीकडचें तारापूरचें वीजकेंद्र उभें राहतें व मन बिचकतें. १९६९ सालापासूनचा हा शेजार! परंतु दृष्ट काढून विस्तवांत टाकलेल्या मिठानें ज्वाळा पिवळी होते, तीही परमाणूचीच करणी होय.

मिठांतील सोडियमचा बाहेरील इलेक्ट्रॉन उष्णतेनें एक पायरी वर चढतो आणि उतरतांना पिवळा प्रकाश देतो. उलट, तोच प्रकाश वाटेंत भेटला, तर तो गिळून पुन्हां तीच पायरी चढतो. शक्तीचें माप मात्र नेमकें हवें. थोडें उणें वा अधिक त्यास चालत नाहीं. या पायऱ्यांची कल्पना नील्स बोर यांनीं १९१३ सालीं मांडली. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांतील काळ्या रेषा फ्राउनहोफर यांनीं १८१४ सालींच पाहिल्या होत्या; पिवळ्या पट्ट्यांतील जोडरेषा म्हणजे सूर्याभोंवतींच्या सोडियमनें गिळलेला प्रकाश, हें किरखॉफ यांनीं १८५९ सालीं ओळखलें.

तारापुरास युरेनियमचा गर्भच दुभंगतो. त्या एका दुभंगण्यांतील शक्ति या पायरीच्या सुमारें दहा कोटी पट. भय कशाचें धरावें व कशाचें नको, हें मुलांस उमजावें, एवढ्यासाठींच हा प्रपंच.