नमस्कारापलीकडचे संत

'संत' हा शब्द आपल्याला शाळेत शिकावा लागत नाही. अक्षरओळख होण्याआधीच ज्ञानोबा-तुकोबांची नावे कानांवरून गेलेली असतात. आमच्या घरी 'भक्तिविजया'ची एक जुनी पोथी आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेला हा ग्रंथ आजी चातुर्मासात वाचते, आणि रेड्याने वेद म्हटल्याचा किंवा भिंत चालल्याचा प्रसंग आला की पोथी खाली ठेवून हात जोडते. तिच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. तथापि एक प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत आलेला आहे. जो पुरुष भिंत चालवतो, त्याच्यासारखे वागून पाहण्याचे धाडस कोण करील? चमत्काराने संत मोठा होतो खरा. पण तितकाच तो आपल्यापासून दूरही जातो. मग आपण नमस्कार करतो आणि आपल्या कामाला लागतो.

हा प्रश्न एकदा मी वसतिगृहातील एका मित्राजवळ काढला. तो खानापूर तालुक्यातला, कॅथलिक. घरी कोकणी, आमच्याशी मराठी आणि कचेरीत कन्नड असे त्याचे सहज चालते. तो म्हणाला, "आमच्याकडे संत ठरवायची एक रीतच आहे. आधी माणसाचे आयुष्य तपासतात. श्रद्धा, आशा, प्रेम, विवेक, न्याय, धैर्य, संयम हे गुण त्याने असामान्य कोटीला नेले का, ते बघतात. चमत्काराचा विचार त्यानंतर. एक चमत्कार मान्य झाला तर धन्यवादित, आणि पुढे दुसरा झाला तर संत." मग थोडे थांबून तो म्हणाला, "पण आपल्या गोव्याच्या जुझे वाझ यांना पोपनी दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली!"

हे मला नवीन होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जुझे वाझ यांना धन्यवादित म्हणून घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. दुसऱ्या चमत्काराची वाट न पाहता केवळ आयुष्याच्या बळावर ज्याला संत म्हणावे, असे त्या आयुष्यात होते तरी काय, हे शोधण्यासाठी मी मिळेल ते वाचू लागलो.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ मध्ये ते पाद्री झाले. कोणत्या तरी संन्यासी संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. परंतु त्या काळी युरोपीय संघांची दारे गोव्याच्या मूळ रहिवाशांना बंद होती. धर्म तोच, शिक्षण तेच, पण कातडीचा रंग आड आला. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा किनाऱ्यावर, मंगळूर, कल्याणपूर, गंगोळी या भागांत काम केले. परत आल्यावर जुन्या गोव्यात काही देशी पाद्री एकत्र राहत होते, त्यांच्यात ते १६८५ साली सामील झाले आणि त्या मंडळाला त्यांनी संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीची नियमावली लावून दिली. ज्यांना कोणी आपल्या घरात घेतले नाही, त्यांनी स्वतःचे घर उभारले. आणि तेही कोणाविषयी कडवट शब्द न काढता.

येथे मला एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले, हे मराठीचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पुढे वारे फिरले. जून १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ती तीन वर्षे संपत होती त्या १६८७ साली जुझे वाझ कुठे होते? ते मजुराच्या वेषात सिलोनच्या जाफना किनाऱ्यावर उतरले होते. सत्ता परक्याला आपली भाषा बोलायला लावत होती, आणि त्याच सत्तेखाली वाढलेला हा माणूस परक्यांची भाषा आपल्या जिभेवर बसवत होता. तमिळ तर ते शिकलेच. पुढे सिंहलीही शिकले आणि त्या भाषांत प्रार्थना सांगू लागले.

वेष पालटण्याचे कारणही समजून घ्यायला हवे. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. ते कॅथलिक पंथाचे विरोधक. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली. सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिकांना पाद्री म्हणून कोणी उरलाच नव्हता. वाझ रात्री घरोघर जात, अंधारात मिस्सा होई, आणि उजाडण्यापूर्वी मंडळी पांगत. पुढे ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगिजांचे हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैदेत टाकण्यात आले.

पुढे १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. घरे ओस पडली, रोग्यांना रानात नेऊन सोडण्यात येऊ लागले. वाझ आणि त्यांच्या नात्यातले दुसरे पाद्री जोझे कार्व्हालो या दोघांनी त्या रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, अन्नपाणी पोचवले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा हे त्यांनी विचारले नाही. कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा निष्ठावंत बौद्ध. आराकानहून भिक्षू आणवून आपल्या राज्यातील खंडित झालेली बौद्ध दीक्षेची परंपरा त्याने पुन्हा सुरू केली होती. याच राजाने वाझ यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने काम करण्याची मुभा दिली. एकाने आपला धर्म सोडला नाही, दुसऱ्याने आपला सोडला नाही; तरी दोघांना एकमेकांचे मोल कळले.

आता काही वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. गोव्यातील धर्मप्रसाराचा इतिहास आपण कसा विसरावा? सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. ज्या सांकवाळ गावाशी वाझ यांचे नाव जोडलेले आहे, त्याच गावचे लक्ष्मीनृसिंह भक्तांनी तेथून हलवून फोंडा महालात वेलिंगला नेले. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वेलिंगला देवदर्शन केले आणि त्याच दिवशी सांकवाळलाही गेलो. तेथील जुने चर्च १८३४ साली जळाले. आज केवळ त्याचा दर्शनी भाग उभा आहे, मागे मोकळे आकाश. दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहिल्यावर मनात काहूर उठले. हा इतिहास झाकून वाझ यांची थोरवी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मप्रसार हाच त्यांचाही हेतू होता, हेही लपवण्याचे कारण नाही.

परंतु विचार करता मला असे वाटू लागले की, फरक नेमका येथेच आहे. गोव्यात धर्माच्या पाठीशी तलवार होती. सिलोनात वाझ यांच्या पाठीशी काहीच नव्हते. गोव्यात त्यांच्या पंथाचे लोक बंदी घालणारे होते. जाफन्यात तेच बंदी सोसणारे झाले. सत्ता काढून घेतल्यावर माणसाच्या हाती जे उरते, तेवढ्याच भांडवलावर वाझ चोवीस वर्षे जगले. मोठे धर्माधिकारपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते नाकारले. गोव्याला ते पुन्हा आले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागून गोव्याहून आलेल्या जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहली भाषेत इतके ग्रंथ लिहिले की, सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा पाया त्यांनीच घातला असे मानले जाते. भाषेच्या वाटेने गेलेल्या माणसामागे अशी भाषेचीच संपत्ती उभी राहिली.

मित्रहो, आजीच्या पोथीतल्या संतांकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहतो. एकनाथांनी तळमळणाऱ्या गाढवाला पाणी पाजले, हा प्रसंग मला भिंतीच्या प्रसंगाहून मोठा वाटतो. कारण पाणी आपल्यालाही पाजता येते. संतांच्या चरित्रातून नेमका हा आपल्याला जमण्याजोगा भाग शोधून काढावा आणि तेवढा तरी उचलावा, असे माझे मत झाले आहे.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच बांधणीत आहेत. मधल्या पानापाशी बहुतेकांचे वाचन थांबते, अलीकडल्यांचेही आणि पलीकडल्यांचेही. आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न किती नाजूक आहे हे मी जाणतो. आपल्या भाषेचा अभिमान कोणी सोडावा असे मी म्हणणार नाही. वाझ यांनीही आपले काही सोडले नव्हते. पण फर्मानाने लादलेली भाषा आणि शेजाऱ्यासाठी आपण होऊन शिकलेली भाषा यांत जे अंतर आहे, ते त्यांनी जगून दाखवले. सध्या रात्रीच्या जेवणानंतर माझा तो मित्र मला कन्नड अक्षरे गिरवायला शिकवतो. जोडाक्षरांपाशी गाडी अडते. तरी पुढील वर्षीचा अंक हाती येईल तेव्हा मधले पान उलटून पुढची एखादी कविता अडखळत का होईना स्वतः वाचावी, असा माझा संकल्प आहे.