९०.४ च्या वहीतून

आमच्या रेडिओ केंद्रावर नवीन मुलं-मुली आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाई, आपला आवाज पुण्यात ऐकू जातो का?" नाही जात. सामुदायिक रेडिओला शंभर वॉटची मर्यादा आहे आणि मनोरा जास्तीत जास्त तीस मीटरचा. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर, आणि मध्ये डोंगर आला तर तेवढंही नाही. एफएमची लहर सरळ जाते, डोंगराला वळसा घालत नाही. खिंडीपलीकडची गावं नकाशावर आमच्या टापूत दिसतात, पण तिथे नुसती खरखर ऐकू येते. हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात. मी त्यांना विचारते, पुण्यापर्यंत पोचणाऱ्या केंद्राने आपल्या वाडीच्या टँकरची वेळ कधी सांगितली आहे का?

*

म्हसवडची माणदेशी तरंग आमच्यासारखीच ९०.४ मेगाहर्ट्झवर. बारामतीची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर. नगरचा रेडिओ नगरही ९०.४ वरच. एकच आकडा, आणि कोणी कोणाच्या आवाजात आवाज मिसळत नाही, कारण प्रत्येकाची हद्द छोटी. मोठ्या केंद्राला दूरवरच्या टापूत एक जागा रिकामी करून द्यावी लागते. आमच्यासारखी पन्नास केंद्रं त्याच एका जागेवर नांदू शकतात.

*

आज सकाळी सांगितलं ते असं. घटसर्प आणि फऱ्याची लस बुधवारी दवाखान्यात. पावसाआधी जनावरं आणावीत. ई-पीक पाहणीची मुदत. थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची. खालच्या आळीतली एक पांढरी शेळी, कान कापलेला, परवापासून सापडत नाही. बारावीचा निकाल दुपारी. आठवडी बाजारातले कांद्याचे आणि शेळ्यांचे भाव.

शेळीची सूचना वाचताना नव्या मुलीचा आवाज जरा खाली गेला, जणू हे रेडिओवर सांगण्यासारखं नाही. मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. ज्या बाईची ती शेळी आहे तिच्या घरात आज त्याहून महत्त्वाची गोष्ट नाही. निकाल ज्या आवाजात वाचला त्याच आवाजात शेळीही वाचायची.

*

९ फेब्रुवारी १९९५. ही तारीख आमच्या भिंतीवर लिहिलेली आहे. खटला क्रिकेटचा होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेने आपल्या सामन्यांच्या प्रक्षेपणाबद्दल सरकारशी वाद घातला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, मराठी माणसाचं. हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्या निकालाने सांगितलं. त्यांवर सरकारची एकट्याची मालकी नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीही नाही.

निकाल लागला म्हणून माइक लगेच हातात आला नाही. २००२ च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. गावात काम करणाऱ्या संस्थांना दार उघडलं ते १६ नोव्हेंबर २००६ ला. मधल्या अकरा वर्षांत खाजगी एफएमवाल्यांना मोठमोठ्या शहरांत लिलावाने जागा मिळत होत्या आणि गावाला थांबायला सांगितलं जात होतं. याचा राग मला अजूनही येतो.

*

सोलापूरहून हैदराबादला जाताना झहीराबाद लागतं. त्याच्याजवळ माचनूर. तिथल्या संघम रेडिओबद्दल बोलल्याशिवाय मी कुठलंही प्रशिक्षण संपवत नाही. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या, बहुतेक दलित, कोरडवाहू शेतकरी बायका. १९९८ साली युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला. परवाना नव्हता. म्हणून त्या थांबल्या का? नाही. मुलाखती घेतल्या, गाणी भरली, बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर, दाईपणावर बोलल्या, कॅसेटी केल्या आणि त्या संघाच्या बैठकांत वाजवल्या. दहा वर्षं. १५ ऑक्टोबर २००८ ला प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे कार्यक्रमांचा साठा तयार होता आणि ऐकणाऱ्या बायकांना आपलाच आवाज यंत्रातून ऐकायची सवयही झालेली होती.

परवान्याच्या फायली फिरत असताना काय करायचं, असं नव्या संस्थांची माणसं विचारतात. त्यांना मी माचनूर सांगते. आधी रेकॉर्डर घ्या आणि देवळाच्या पारावर जाऊन बसा.

*

आमचा कार्यक्रम शेतीच्या हंगामावर चालतो. सुगीत स्वयंसेवक मिळत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात कॉलेजची मुलं गायब. यात्रेच्या आठवड्यात उलट सगळे हजर, आणि प्रत्येकाला माइक हवा. मार्च ते मे निवृत्त शिक्षक, भजनी मंडळ आणि दोन आशाताई मिळून केंद्र ओढतात. वेळापत्रक छापायचं आम्ही सोडून दिलं. कोण कधी मोकळं असतं याचा एक कागद दारामागे लावला आहे, तोच खरा.

*

सगळ्यात अवघड गोष्ट तंत्राची नाही. मिक्सर मुलं आठवड्यात शिकतात. फोनवर भरलेला आवाज कापायला, जोडायला महिनाभर लागतो. अवघड आहे ते टिकणं. एक मुलगी येते, सुरुवातीला माइकपासून हातभर लांब बसते, हळूहळू आवाज बसतो, ऐकणारे तिचं नाव घ्यायला लागतात, आणि मग तिचं लग्न ठरतं. सासर पन्नास किलोमीटरवर, म्हणजे आमच्या हद्दीच्या बाहेर. दोन-अडीच वर्षं घडवलेला आवाज एका मुहूर्तावर उठून जातो. तिचा तो हक्कच आहे, तिला आनंदानेच निरोप द्यायचा. पण केंद्रात तिची जागा रिकामी राहते ती राहतेच.

मग एका आज्जींनी सुचवलं. म्हणाल्या, "जाणाऱ्या पोरी मोजतेस, येणाऱ्या सुना मोजल्यास का?" खरंच, जेवढ्या मुली इथून जातात तेवढ्याच या गावांत नांदायला येतात. त्यांच्यात शिकलेल्या असतात, गाणाऱ्या असतात, मोबाईल हाताळणाऱ्या असतात. फक्त त्यांना घराबाहेर पडायला कारण लागतं. तेव्हापासून आम्ही सुनांचा कार्यक्रम ठेवला. पहिल्या भागात सून एकटी येत नाही, सासूला घेऊन येते. सासूने आपली ओवी म्हणायची, सुनेने माहेरची. एकदा सासूचा आवाज हवेत गेला की सुनेला आठवड्यातून एक दुपार सोडायला घर तयार होतं. आज आमच्या नेहमीच्या बायका-स्वयंसेवकांत निम्म्या या वाटेने आलेल्या आहेत.

२००८ पासून चाललेली चेतना सिन्हांच्या संस्थेची माणदेशी तरंग पाहिली तरी हेच दिसतं. बाईला केंद्रापर्यंत आणायचं तर आधी तिच्या दिवसाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. पाणी, जनावरं, भाकरी, मुलं. उरलेला वेळ कुठे आहे ते शोधायचं आणि तिथे रेकॉर्डिंग ठेवायचं.

*

"पैसे किती मिळतात?" स्वयंसेवकाच्या घरी हा प्रश्न विचारला जातोच, आणि तो विचारणं रास्त आहे. मोलमजुरीच्या घरातल्या पोराने दुपार केंद्रावर घालवली तर त्या दुपारची मजुरी जाते. आमच्या कामात सेवेचा मोठा गौरव होतो. तो गौरव करणाऱ्यांत महिन्याचा पगार येणारेच जास्त, हेही मी पाहते. माझं मत पक्कं आहे: एसटीचं भाडं, रिचार्ज आणि चहा-नाश्ता हे केंद्राने दिलंच पाहिजे, आणि जे रोज येतात त्यांना मानधन. नाहीतर स्वयंसेवेच्या नावाखाली केंद्र फक्त खात्यापित्या घरांच्या हाती राहील. गावातल्या ज्यांचा आवाज कधीच कुठे जात नाही, ते इथेही गप्पच राहतील.

पैसा येतो कुठून? थोडा संस्थेकडून, थोडा स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींतून, थोडा सरकारी जाहिरातींतून. २०२४ च्या नव्या नियमांनी तासाला सात मिनिटांऐवजी बारा मिनिटं जाहिरातींना दिली, आणि सरकारी जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर ५२ रुपयांवरून ७४ केला. ही मदत खरी आहे. २०१२ साली वर्षाचं लहरींचं शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केलं होतं. देशभरच्या केंद्रांनी आवाज उठवला तेव्हा ते मागे घेतलं गेलं. साडेचार पटींहून जास्त शुल्क लावणाऱ्याने शंभर वॉटचं केंद्र डोळ्यांनी पाहिलं असेल असं वाटत नाही.

*

व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले. 'माणदेशी माणसं' त्यांनी १९४९ साली दिली आणि पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षे काम केलं. रेडिओवर खेड्यातला माणूस खेड्यातल्यासारखा बोलू शकतो हे महाराष्ट्राला ज्यांनी दाखवलं, त्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं.

त्याच पुणे केंद्राचा १९५६ चा प्रयोग फार थोड्यांना आठवतो. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा, मग शंका केंद्राला कळवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, पॉल न्यूरॅथ यांनी त्यावर लिहिलं. मंडळं असलेल्या गावांत माहिती वाढली, लोक बोलायला लागले, हे त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे नुसतं ऐकण्यापेक्षा एकत्र ऐकून बोलणं महत्त्वाचं, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. कार्यक्रम मात्र पुण्यात तयार होत. प्रश्न गावाचे आणि माइक शहरात, ही व्यवस्था बदलायला आणखी पन्नास वर्षं लागली.

आम्ही तो प्रयोग आमच्या परीने उचलला आहे. गुरुवारी संध्याकाळी तीन वाड्यांत बायका एकत्र बसून कार्यक्रम ऐकतात. पुढच्या गुरुवारचा विषय त्या ठरवतात. गेल्या वेळी त्यांनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर बोला असं सांगितलं. मी स्वतःहून तो विषय काढला नसता असं नाही, पण त्यांनी मागितल्यावर डॉक्टरबाईंना जे प्रश्न आले ते मला कधी सुचले नसते.

*

भिंतीवरच्या त्या १९९५ ची आणखी एक गोष्ट. १७ जानेवारीला जपानमध्ये कोबे शहरात मोठा भूकंप झाला. तिथला नागाता हा भाग कामगारांचा, चपला-बुटांच्या कारखान्यांचा. कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबं पुष्कळ. पाणी कुठे मिळतंय, निवारा कुठे आहे, या सूचना जपानीत येत होत्या आणि अनेकांना त्या नीट कळत नव्हत्या. तिथल्या माणसांनी परवान्याची वाट न पाहता छोटे ट्रान्समीटर लावले आणि आपापल्या भाषांत बोलायला सुरुवात केली. त्यातून एफएम वायवाय हे केंद्र झालं. त्याला परवाना मिळाला तो बरोबर वर्षाने, १७ जानेवारी १९९६ ला.

आमच्याकडे ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या वस्त्यांवर वेगळी बोली बोलणारी माणसं येऊन राहतात. त्यांच्यासाठी आमच्या केंद्रावर अर्धा तास नाही. हा पुढच्या हंगामाआधी सुरू करायचा.

*

बातम्या. यावर मला सविस्तर लिहायचंच होतं.

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, रहदारी, निकाल, आपत्ती, वीज-पाण्याच्या सूचना चालतात. म्हणजे "उद्या टँकर येणार आहे" हे आम्ही सांगू शकतो. "काल टँकर आला नाही" हे सांगितलं की ती माहिती की बातमी, असा प्रश्न उभा राहतो, आणि केंद्र चालवणारी माणसं परवान्याच्या भीतीने ते वाक्य गाळतात. गावाला ऐकायचं असतं नेमकं तेच.

दुसरीकडे तालुक्यात कोणीही फोन उचलून बातम्यांचं चॅनेल काढतो, कोणाबद्दल काहीही बोलतो. त्याच्या बोलण्याचा पत्ता नसतो. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद आहे, तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे, बोलणारी बाई कोणाची कोण हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, आणि चूक सांगितली तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोक दारात येतात. जबाबदार बातमीसाठी याहून चांगली जागा कोणती? नेपाळमध्ये १९९७ साली रेडिओ सगरमाथा सुरू झाला. तिथल्या सामुदायिक केंद्रांनी बातम्या दिल्या. २००५ मध्ये राजाने सत्ता हाती घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्या आधी बंद केल्या. त्यांचं बळ त्याला बरोबर कळलं होतं.

आपल्याकडची ही बातम्यांवरची बंदी उठली पाहिजे. निदान ग्रामसभेचे ठराव, पाण्याचं आवर्तन, रेशनचा कोटा, शाळेतल्या रिकाम्या जागा एवढ्या विषयांवर तरी, काय झालं आणि काय झालं नाही, ते सांगायची मोकळीक हवी.

*

हार्ड डिस्क भरत आली. तीन महिन्यांनंतर काय ठेवायचं, काय पुसायचं? बाजारभाव पुसायला हरकत नाही. ओव्या पुसायच्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या तेव्हा त्या लाखावर गेल्या. आमच्या पंधरा किलोमीटरांत अजून म्हणणाऱ्या आज्या आहेत, पण जातं घरात राहिलेलं नाही, त्यामुळे ओवी मुद्दाम आठवावी लागते.

ठरलं ते असं: प्रत्येक ओवीबरोबर म्हणणारीचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच आवाजात भरून घ्यायची. एक प्रत केंद्रात, एक झेडपी शाळेत, एक त्या घराला पेनड्राइव्हवर. मृगाआधी वरच्या चार वाड्या पुऱ्या करायच्या, कारण पेरणी सुरू झाली की आज्याही रानात असतात. नवीन डिस्कचे पैसे यात्रेच्या जाहिरातींतून.