असीलची छाती

अहेरीला मामाच्या अंगणात एक असील कोंबडा होता. मी सहा वर्षांचा. तो मान ताठ करून उभा राहिला की माझ्या कमरेला लागायचा. पाय माझ्या मनगटाएवढे जाड, तुरा मात्र वाटाण्याएवढा. छातीवर पिसं विरळ, मधून लालभडक कातडी दिसायची. मी त्याला भ्यायचो. आजी मात्र ते चार किलोंचं धूड बखोटीला मारून खुशाल हिंडायची. म्हणायची, "माणसाले नाही टोचत तो, कोंबड्यालेच टोचते."

म्हणूनच मामा त्याला कोंबडबाजारात न्यायचा. 1960च्या कायद्याने झुंजींवर बंदी आलेली, पण रानात भरणाऱ्या बाजाराला कायदा कोण सांगणार! पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधायची, सोडायचं. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. पहिल्यांदा मामा दुसऱ्याचा कोंबडा घेऊन आला. आजीने तो चुलीवर दोन तास रटरटवला, तरी मांस दाताला दाद देईना. रस्सा मात्र बोटं चाटायला लावणारा. पुढच्या खेपेला मामा रिकामं डालं घेऊन परतला. आजी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढे पुण्यात आलो आणि ब्रॉयलरवर वाढलो. सहा आठवड्यांत दोन किलो, वीस मिनिटांत शिजणारा. या लिबलिबीत प्राण्याचं असीलशी काही नातं असेल, असं स्वप्नातही आलं नसतं. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये हौशी लोकांनी आपले असील नेऊन तिकडच्या झुंजीच्या कोंबड्यांशी त्यांचा संकर केला. हवा होता लढवय्या. निघाला रुंद छातीचा, मांसल, जड पक्षी. त्याला तिकडे 'इंडियन गेम' म्हणतात, अमेरिकेत 'कॉर्निश'. 1948 साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधायची स्पर्धा झाली, ती कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेसच्या कॉर्निश संकराने जिंकली. आजच्या ब्रॉयलरची नराकडची बाजू मुख्यतः या कॉर्निशचीच. असीलची छाती घेतली, पाय तेवढे घ्यायचे राहिले. म्हणून तर ब्रॉयलर स्वतःच्याच वजनाने फतकल मारून बसतो.

मागच्या उन्हाळ्यात अहेरीला गेलो. मामा नाही आता. मामेभाऊ म्हणाला, "आठ महिने कोण पोसते दादा? दुकानातून आणते सारे." पण डाल्याखाली एक असील कोंबडी खुडूक बसली होती. अंडी थोडीच देते; तेवढी सगळी तो तिच्याखालीच ठेवतो, घरात एकही फोडत नाही.