कारण : अज्ञात

महाभारतातील खांडववनाची आग अफाट आहे. पण तिच्यातून वाचलेल्या चार शार्ङ्गक पिलांजवळ व्यास बराच वेळ थांबतात. पिलांचा बाप मंदपाल आगीच्या वेळी दुसरीकडे होता. सारे शमल्यावर तो आला, तेव्हा ना पिलांनी त्याचे स्वागत केले ना जरितेने. ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली. मंदपालाची जागा आपली आहे, हे मात्र मार्च २०१६ मध्ये कळले.

कवठे महांकाळ तालुक्यातली आमची वस्ती एका उघड्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. दंडोबाच्या वनासारखे रान आमच्या वाट्याला नाही. वर कुसळीचा माळ आणि वनखात्याने लावलेले थोडे गिरिपुष्प, एवढेच आमचे जंगल. त्या दुपारी वणवा उतरला आणि त्याने कडब्याच्या तीन गंज्या, एक गोठा व द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या नेल्या. माणूस दगावले नाही. मी सांगलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. रात्री पोचलो तेव्हा गंज्या आतून धुमसत होत्या आणि चुलती भाजलेल्या गाईच्या पाठीला खोबरेल लावत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. पेंढ्या मोजल्या गेल्या, पत्रे मोजले गेले. कारणाच्या रकान्याशी लेखणी अडली. आमचे चुलते, आबा, दरसाल बांध पेटवतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. गवत जाळले की पावसाळ्यात चांगले फुटते, ही जुनी समजूत. ती अर्धी खरी आहे : कुसळी मुळांतून पुन्हा फुटते, पण कोवळी रोपे मरतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला जाते. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. कुणीच बोलले नाही. मीही नाही. रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले गेले.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. अशा दिवसांत कडब्याची पेंढी म्हणजे घरातला दागिना. तरीही संध्याकाळी घराघरांतून पेंढ्या आल्या. कुणाच्या दहा, कुणाच्या दोन. जिची स्वतःची गंजी जळाली होती ती शेजारची म्हातारीही पदराखाली दोन पेंढ्या घेऊन आली. आबा हात पुढे करीनात. ती म्हणाली, “जनावर उपाशी ठिवून कुणाचं भलं झालंय, आबा? घ्या.”

गोठा पैऱ्याने पंधरा दिवसांत उभा राहिला. माणसे सावकाश उभी राहिली. चुलती रात्री धुराच्या वासाने उठे. वास नसे, तरी अंगणात जाऊन येई. आबांनी पारावर बसणे सोडले. जूनमध्ये डोंगर हिरवा झाला तेव्हा ते त्याच्याकडे पाठ करून जेवत.

पौषात मी गेलो, तर आबा डोंगराच्या कडेने एकटेच गवत कापत होते. जाळरेषा काढत होते. पाच दिवस ते एकटे होते; सहाव्या दिवशी न बोलावता चार विळे आले. त्या रात्री मी धीर करून म्हणालो, “आबा, त्या दिवशीचं...” त्यांनी मला पुरे बोलू दिले नाही. “ठावं हाय की समद्यास्नी,” ते म्हणाले आणि विळ्याला धार लावू लागले.

वस्तीचे मौन आणि माझे मौन मी तोवर एकच समजत होतो. त्यांनी गप्प राहून कडबा दिला, गोठा उभारला, विळा घेऊन शेजारी उभे राहिले. आबांना आपली चूक हातांनी फेडायला एक वर्ष दिले. मी गप्प राहिलो ते घराचे नाव कागदावर येऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सांगलीला परतलो.

जाळरेषा आता दरसाल निघते. गेल्या पौषात मीही दोन दिवस गेलो. हाताला फोड आले. चुलतीने ते पाहिले आणि न बोलता खोबरेलची वाटी पुढे सरकवली.